माथ्यावरचं नाव

आरे-वारेच्या वळणावर संध्याकाळी कुणी गिटार घेऊन उतरला की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "काय वाजवतोस?" असं कुणी विचारत नाही. "कुठली?" असं विचारतात. गिटार अजून बॅगेत असते, चेनही उघडलेली नसते. मग चेन सरकते आणि सगळ्यांच्या नजरा थेट वर जातात, हेडस्टॉकवर, जिथे कंपनीचं नाव असतं. ते वाचून बघणाऱ्यांच्या चेहऱ्यावर जे उमटतं, त्याविषयी ही पुस्तिका आहे.

रत्नागिरी आणि आसपासच्या वीस-बावीस गिटारवाल्यांनी इथे आपापल्या वाद्याबद्दल लिहिलंय. कॉलेजातली पोरं आहेत, बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत, दोन शिक्षिका आहेत, एक आंबा बागायतदार आहे. प्रस्तावना माझ्या गळ्यात पडली, कारण यांतल्या निम्म्या गिटारी कधी ना कधी माझ्या पडवीत येऊन गेल्या आहेत. मी कारागीर नव्हे. तारा बदलायच्या, सॅडल घासून ॲक्शन, म्हणजे तारांची उंची, खाली आणायची, ट्रस रॉड पाव आटा फिरवायचा, उचकटलेला ब्रिज सरस लावून शिकंज्यात दाबून ठेवायचा, एवढीच माझी विद्या. पण दुरुस्ती करणाऱ्याला वाद्याचं पोट आतून दिसतं, आणि तिथे नाव लिहिलेलं असलंच तर एका कागदी चिकटपट्टीवर असतं.

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो. आरे आणि वारे ही रत्नागिरीहून किनाऱ्याच्या रस्त्याने गणपतीपुळ्याला जाताना लागणारी दोन गावं. दोन पुळणी, मधे समुद्रात घुसलेलं डोंगराचं नाक, एका अंगाला सुरूचं बन. वरच्या वळणावर गाड्या थांबतात, लोक फोटो काढतात. पुण्या-कोल्हापूरकडच्या गाड्यांतून गिटारीही उतरतात आणि आमच्या गिटारींशी त्यांची गाठ इथेच पडते. म्हणून या विषयाचा अभ्यास करायचा तर याच्यासारखी जागा नाही. कोण कुणाच्या गिटारकडे कसं बघतो ते इथे उघड्यावर दिसतं.

पायऱ्या ठरलेल्या आहेत. सगळ्यांत वर मार्टिन, टेलर आणि गिब्सन ही अमेरिकन मंडळी. रत्नागिरीत त्या प्रत्यक्ष कमीच दिसतात, पण त्यांच्याविषयी मत मात्र प्रत्येकाला असतं. मार्टिनवाले टेलरला चकचकीत म्हणतात, टेलरवाले मार्टिनला ढब्ब म्हणतात, आणि दोघंही गिब्सनचा विषय निघाला की किमतीवर बोलायला लागतात. त्याखाली यामाहा. तिच्याबद्दल कुणी वाईट बोलत नाही आणि कुणी स्वप्नही बघत नाही. इंडोनेशियात बनणारी एफ ३१० म्हणजे गिटारींतली एसटी: वेळेवर येते, पोचवते. आणि मग तळाला कोलकात्याच्या गिटारी, गिवसन, हॉबनर वगैरे. नावं अशी की वाचताना जीभ जरा घसरली तर थेट गिब्सनच्या किंवा हॉफनरच्या दारात. 'ब' आणि 'व' यांच्यात एका अक्षराचा फरक, आणि त्या एका अक्षराची किंमत काही लाखांत.

या तळाच्या पायरीबद्दल थोडं थांबून बोललं पाहिजे. परदेशी वाद्यावर जबर आयातकर होता त्या काळात आमच्याकडे परदेशी गिटार यायची ती आखातातल्या काकाबरोबर किंवा बोटीवरच्या मामाबरोबर. रत्नागिरीत असे काका-मामा पुष्कळ, पण त्यांच्या बॅगेत आधी टेपरेकॉर्डर, मग अत्तर, मग साड्या, आणि गिटारला जागा उरायची नाही. मुंबईत धोबीतलावला फुर्टाडोज हे १८६५ सालापासूनचं दुकान होतं, पण तिथे काचेतून बघून परत यायची आमच्या खिशाला सवय होती. देशभरातल्या दोन पिढ्यांनी पहिली सी-मेजर पकडली ती कोलकात्याच्या गिटारवर. ज्या शिडीने वर गेलो तिलाच लाथ मारायची ही आपली जुनी खोड. मी स्वतः ती मारलेली आहे. माझी पहिली गिटार कुठली होती ते इथे लिहीत नाही; तिची ॲक्शन इतकी उंच होती की बाराव्या फ्रेटपाशी तारेखालून करंगळी जायची. एफ कॉर्ड काही केल्या लागायची नाही. सहा महिने मी माझ्या बोटांना दोष दिला, आणि दोष बोटांचा नव्हता हे कळल्यावर पुढची वीस वर्षं त्या ब्रँडला दिला. सॅडल नीट घासली असती तर सगळं मिटलं असतं, हे कळायला स्वतः दुरुस्तीला बसावं लागलं.

ब्रँडच्या वेडाबद्दल दुसऱ्याला बोल लावायचा रत्नागिरीकराला तसाही अधिकार नाही. आमचं अर्धं पोट ब्रँडवर आहे. पेटीवर 'रत्नागिरी हापूस' असं छापलं की आतल्या फळाचा भाव बदलतो, म्हणून कर्नाटकातला आंबाही आमच्या नावाच्या खोक्यात शिरतो आणि आम्ही बोंब मारतो. ती बोंब रास्त आहे. २०१८ साली कोकणातल्या पाच जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं ते त्यासाठीच. पण देवगड मोठा की रत्नागिरी, या वादात तावातावाने बोलणाऱ्या माणसाला डोळे बांधून दोन फोडी दिल्या तर काय होईल, हा प्रयोग आमच्या घरी एकदा झाला. त्यानंतर दोन पाहुण्यांमध्ये जे झालं ते इथे नको.

गिटारच्या आधी हे सगळं कोकणाने पेटीच्या बाबतीत करून झालेलं आहे. माझे वडील, अण्णा, भजनात पेटी वाजवायचे. डबलबारीला, म्हणजे दोन भजनी मंडळांच्या सामन्याला, जाताना बुवा आपली पेटी आपणच नेतो, समोरच्या मंडळाच्या पेटीवर बोट ठेवत नाही, हा तर शिरस्ताच. पेटीवाल्यांच्या जगात पायऱ्या सुरांवरून ठरायच्या: आधी जर्मन सूर, त्याच्या शेजारी पॅरिसचे, आणि खाली गुजरातेतल्या पालिताण्याचे. पेटी कुणी बांधली, दादरच्या हरिभाऊ विश्वनाथांकडची की आणखी कुठली, हे नंतर. अण्णांची पेटी 'जर्मन' होती. ती उचलणाऱ्या प्रत्येक पोराला ते सांगायचे, "सांभाळून रे, जर्मन आहे."

अण्णा गेल्यावर एका पावसाळ्यानंतर पट्ट्या अडकायला लागल्या म्हणून मी ती उघडली. आत सुरांच्या दोन रांगा, खर्ज आणि नर. पितळेचा रंग सगळीकडे सारखा नव्हता. कडा घासण्याची पद्धत वेगवेगळी. मोजून बघितलं तर निम्म्याहून जास्त सूर पालिताण्याचे. मला वाटलं, कुणीतरी दुरुस्तीच्या नावाखाली अण्णांना फसवलं. आईला सांगितलं तर ती तांदूळ निवडताना मान वर न करता म्हणाली, "फसवतोय कोण त्यांना? एकेक गेला तसा त्यांनीच बसवून घेतला." म्हणजे त्यांना माहीत होतं. चाळीस वर्षांत पेटी हळूहळू गुजराती होत गेली आणि अण्णा तिला जर्मन म्हणत राहिले. मी हे लबाडी म्हणून सांगत नाही. वाजवणाऱ्याला नाव कशासाठी लागतं याचं याहून चांगलं उत्तर मला अजून मिळालेलं नाही, आणि हेही पूर्ण उत्तर नाही.

ज्या पेटीच्या आतल्या जातिभेदाची ही कथा, ती पेटी स्वतः बहिष्कृत होती हेही विसरू नये. १ मार्च १९४० पासून आकाशवाणीने हार्मोनियम बंद केली, आणि १९७१ उजाडेपर्यंत ती बंदी ढिली झाली नाही. कारण सांगितलं जायचं ते असं, की तिचे सूर ठोकून बसवलेले, त्यांतून मींड निघत नाही, श्रुती सापडत नाहीत. कारण खोटं नव्हतं, आणि ही गोष्ट मला पूर्वग्रहांच्या बाबतीत फार महत्त्वाची वाटते. निव्वळ खोट्या पूर्वग्रहाला आयुष्य नसतं. त्यात चमचाभर खरं असावं लागतं, मग त्यावर घागरभर तुच्छता ओतता येते. गोविंदराव टेंबे काय करत होते ते ज्यांनी ऐकलं, त्यांना पेटी कमअस्सल वाटली नसेल. तरी नियम तो नियम.

गिटारकडे येतो. मार्टिन या नावापुढे आज जे हात जोडतात त्यांना त्या घराण्याची सुरुवात माहीत असते असं नाही. क्रिस्टियान फ्रेडरिक मार्टिन हा जर्मनीतल्या मार्कनॉयकिर्खन गावचा. तिथल्या व्हायोलिनवाल्यांच्या संघाचं म्हणणं होतं की गिटार बनवण्याचा हक्क आमचा. हे सुतार, कपाटं बनवणारे लोक, यांनी वाद्याला हात लावू नये. मार्टिनचं घराणं त्या सुतारांच्या संघातलं. या कटकटीला कंटाळून १८३३ साली तो अमेरिकेला निघून गेला. म्हणजे जगातल्या सर्वांत मानाच्या गिटारचा जन्म 'सुतारड्याने केलेली गिटार ती कसली' या शेऱ्यातून झाला. आज मार्टिनवाला कोलकात्याच्या गिटारला नेमकं तेच म्हणतो.

स्पेनमध्ये अंतोनिओ दे तोरेस यांनी १८६२ साली एक गिटार केली, तिची पाठ आणि बाजू चक्क कागदाच्या लगद्याच्या, फक्त वरची फळी नीट लाकडाची. आवाज येतो तो मुख्यतः वरच्या फळीतून, हे त्यांना दाखवायचं होतं. ती गिटार बार्सिलोनाच्या संग्रहालयात आहे. १९९५ साली टेलर कंपनीने माल चढवायच्या टाकाऊ लाकडी चौकटींमधून गिटार करून प्रदर्शनात मांडली. त्यांनाही तेच सांगायचं होतं, की हात असेल तर लाकूड ऐकतं. दोन्ही गोष्टी गिटारवाल्यांना पाठ असतात. तरी दुसऱ्या दिवशी वाद सुरू होतो तो पाठीच्या लाकडावरूनच.

या वादातला आमच्याकडचा धागा सांगितल्याशिवाय राहवत नाही. मार्टिनच्या जुन्या गिटारींची पाठ ब्राझीलच्या रोझवूडची असायची. ते मिळेनासं झालं तेव्हा १९६९ मध्ये कंपनी 'इंडियन रोझवूड'वर आली, आणि मग बाकीचेही आले. हे इंडियन रोझवूड म्हणजे आपला शिसव. सह्याद्रीच्या कुशीतला, कर्नाटक-केरळच्या रानातला शिसव. ज्याचा झोपाळा आमच्या ओटीवर आहे, ज्याच्या देवघराला आजी दर दिवाळीला खोबरेल लावायची, तोच. ब्राझीलची पाठ असलेला माणूस भारतीय पाठीकडे कसा बघतो ते मी एका पुणेकराच्या डोळ्यांत पाहिलं आहे. तो आमच्या झोपाळ्यावर बसूनच हे सांगत होता की, "इंडियन ठीक आहे, पण ती गोष्ट नाही." झोपाळ्याची कडी तेवढी कुरकुरली. २०१७ पासून शिसवाच्या सगळ्या जातभाईंवर आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आले, तयार वाद्यांना त्यातून सूट मिळायला २०१९ चं अखेर उजाडलं. तेवढ्या काळात जगभरच्या कारखान्यांना दुसरी लाकडं शोधावी लागली आणि गिटारींचा आवाज काही बंद पडला नाही.

लाकडाने खरंच किती फरक पडतो हे इंग्लंडमध्ये नीट तपासून झालं आहे. लँकेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी रॉजर बकनॉल या नामांकित कारागिराकडून सहा गिटारी करून घेतल्या. सगळं एकसारखं, फक्त पाठ आणि बाजूंचं लाकूड वेगळं: ब्राझीलचा रोझवूड, आपला शिसव, महॉगनी, मेपल, सपेली आणि अक्रोड. बावन्न गिटारवादकांना मंद उजेडाच्या खोलीत, डोळ्यांवर वेल्डिंगवाल्यांचे गॉगल चढवून त्या वाजवायला दिल्या. २०१८ साली निष्कर्ष छापून आले. सहाही गिटारींना मिळालेले गुण जवळपास सारखे होते, आणि लाकूड कुठलं हे कानाने ओळखणं बहुतेकांना जमलं नाही. त्याआधी २०१० मध्ये इंडियानापोलिसच्या एका हॉटेलात व्हायोलिनवर असाच प्रयोग झाला होता. वादक एकवीस, व्हायोलिनं सहा, तीन जुनी इटालियन आणि तीन नवी. जुन्या लाकडाच्या वासावरून कुणी ओळखू नये म्हणून हनुवटीच्या आधाराखाली अत्तराचा फाया लावला होता. सगळ्यांत कमी पसंती मिळाली ती जुन्यांतल्या एका स्ट्रॅडिव्हरीला. या शास्त्रज्ञांना माणसाची जात नीट कळते याची खूण मला त्या अत्तराच्या फायात दिसते.

आम्हीही आमचा प्रयोग केला. पहिला फसला. आरे-वारेच्या पुळणीवर पाच गिटारी, पाचांच्याही हेडस्टॉकला पंचे गुंडाळलेले, ऐकणाऱ्यांनी समुद्राकडे तोंड करून बसायचं, मागे एकाने एकच गाणं पाचही गिटारींवर वाजवायचं. वारा असा सुटला की दुसऱ्या गिटारनंतर लाटा जास्त ऐकू यायला लागल्या आणि चौथ्या गिटारचा पंचा उडून गेला. मग मे महिन्यात माझ्या पडवीत पुन्हा बसलो.

पाचांतल्या सर्वांत स्वस्त, कोलकात्याच्या गिटारला मी आदल्या रात्री नव्या तारा चढवल्या होत्या. मुद्दाम नव्हे, जुन्या गंजल्या होत्या. आमच्या हवेत साधी तार महिनाभरात काळी पडते. अकरा जणांपैकी सहा जणांनी ती मार्टिन म्हणून लिहिली. जी खरोखर मार्टिन होती, तिच्या तारा मालकाने वर्षभर बदलल्या नव्हत्या. तिला कुणी यामाहा म्हटलं, कुणी त्याहून खाली नेलं. एवढ्यावर थांबलो असतो तर गोष्ट सोपी झाली असती. पण बागायतदार पहिल्याच झंकाराला म्हणाले, "ही माझी. तिसऱ्या फ्रेटवर गुरगुरते." बरोबर होतं. आणि एका मुलाने टेलर अचूक ओळखली. त्याचा कान तयार म्हणून आम्ही कौतुक करणार, तेवढ्यात त्याला विचारलं, "कशी ओळखलीस?" तो म्हणाला, "वाजवणारा हिच्यावर जपून वाजवत होता."

हे वाक्य मला त्या सगळ्या संशोधनाइतकं मोलाचं वाटतं. नाव गिटारमध्ये नसतं, पण वाजवणाऱ्याच्या मनगटात उतरतं. महाग गिटारवर माणूस हळू हात टाकतो, स्वस्त गिटारवर खराटा मारल्यासारखा वाजवतो, आणि मग म्हणतो, बघा, हिचा आवाज खरखरीत.

आता हवेचं. या विषयावर खरा निवाडा कोण करत असेल तर आमचा पावसाळा. रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि जून ते सप्टेंबर हवेतली आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या खाली क्वचित येते. अमेरिकन कंपन्या सांगतात की गिटार पंचेचाळीस ते पंचावन्न टक्क्यांत ठेवा. इथे तेवढी कोरडी हवा आम्ही फक्त त्यांच्या माहितीपत्रकात वाचलेली. अखंड लाकडाची वरची फळी, जिला सॉलिड टॉप म्हणतात, ती पाणी ओढून आडवी फुगते, ब्रिजच्या मागे पोट सुटल्यासारखी वर येते, तारा उचलल्या जातात, आणि जुलैअखेरीस मालक गिटार घेऊन माझ्याकडे येतो: "काका, अचानक जड झाली." प्लायची स्वस्त गिटार मात्र ढिम्म असते. तिचे थर एकमेकांना आडवे चिकटवलेले, एक फुगायला लागला की दुसरा त्याला धरून ठेवतो. म्हणून आषाढ-श्रावणात आरे-वारेची उतरंड उलटी होते. पन्नास हजारांची गिटार कपाटात झिरोचा दिवा लावून, डांबरगोळ्यांच्या शेजारी बसते, आणि पाच हजारांची भर पावसात पडवीत 'पाऊस' या विषयावरची सगळी गाणी वाजवते.

याचा अर्थ सॉलिड टॉप आणि प्लाय सारखेच, असं नाही. मला विचाराल तर वरची फळी अखंड असलेली गिटार डिसेंबरात जी उघडते, मऊ आणि भरून बोलते, ती गोष्ट प्लायला येत नाही. पण ती फळी कुठल्या नावाखाली आहे याने मला फरक पडलेला नाही. अंबा घाट उतरून आलेली कुठलीही गिटार आठ दिवस बॅगेत बंद ठेवा, तिला इथल्या हवेची ओळख होऊ द्या, मग तारा चढवा. हा सल्ला मी ब्रँड न विचारता देतो.

एका मुलीची गोष्ट सांगतो. बारावीतली, कोलकात्याची गिटार घेऊन वळणावर आली. पोरांनी हेडस्टॉक वाचलं आणि परत आपापल्या मोबाइलमध्ये गेली. कुणी काही बोललं नाही. पुढच्या रविवारी ती आली, पण गिटार बॅगेतून काढली नाही. तिसऱ्या रविवारी माझ्या पडवीत आली आणि म्हणाली, "काका, हे नाव घासून काढता येईल का?" काढता येतं. पॉलिशपेपरची दहा मिनिटं. मी म्हटलं, आधी ॲक्शन बघू. नट जरा खोल केला, सॅडल घासली, तारा बदलल्या. नावाचं मी टाळलं. तिने घरी जाऊन त्यावर गणपतीचा स्टिकर चिकटवला. आता कुणी "कुठली?" विचारलं की ती सांगते, "गणपतीपुळ्याची." पोरं हसतात आणि गिटार हातात घेऊन बघतात. नाव दिसेनासं झाल्यावर वाद्य हातात घ्यायला लागली, एवढंच मी पाहिलं.

निष्ठा मला समजते. ज्या वाद्याने पहिल्यांदा आपल्याला ओळ लावू दिली त्याचं नाव जिभेवर राहणारच. आर.एक्स. १०० चालवलेला माणूस यामाहा हे नाव काढताना जसा आवाज खाली आणतो, तसंच ते. योगायोग असा की त्या यामाहाची सुरुवातही पेटीच्या भावकीतूनच झालेली. १८८७ साली जपानमधल्या हामामात्सु गावच्या शाळेतला परदेशी पायपेटीसारखा ऑर्गन बिघडला, तो तोराकुसु यामाहा नावाच्या मेकॅनिकने दुरुस्त केला आणि दुरुस्त करता करता स्वतः बनवायला लागला. दुरुस्तीवाल्याचं नाव पुढे मोटारसायकलवर आणि गिटारवर चढलं. आम्हा दुरुस्तीवाल्यांना ही गोष्ट सांगायला आवडते. समजत नाही ती तुच्छता. स्वतःची गिटार आवडायला दुसऱ्याची नावडावी लागते, हे गणित मला कधी सुटलं नाही.

आरे-वारेहून तसंच पुढे गेलं की मालगुंड लागतं, केशवसुतांचं गाव. त्यांच्या 'सतारीचे बोल' या कवितेत मन काळवंडलेला माणूस रात्री भटकतो आहे आणि कुठल्याशा खिडकीतून सतार ऐकू येते. अंधारामुळे त्याला वाजवणारा दिसत नाही, सतारही दिसत नाही. ती मिरजेची होती का, भोपळा पंढरपूरकडचा होता का, असा प्रश्न त्याला पडत नाही. मी ही कविता शाळेत पाठ केली होती, आणि वळणावर गिटारींच्या बॅगा उघडताना बघतो तेव्हा हटकून आठवते. लँकेस्टरच्या गॉगलवाल्यांच्या किती आधी कोकणातल्या एका कवीने दिवा मालवून वाद्य ऐकायला लावलं होतं.

पुस्तिकेबद्दल थोडं. लेखांचा क्रम गिटारच्या किमतीवर नाही, लेखकाच्या वयावरही नाही. गिटार ज्या वर्षी हातात आली त्या वर्षावर लावला आहे. पहिली १९७४ सालची, शेवटची गेल्या गुढीपाडव्याची. शुद्धलेखन आम्ही सुधारलं, मतं सुधारली नाहीत. मार्टिनवाल्या गृहस्थांनी यामाहाबद्दल जे लिहिलंय ते तसंच ठेवलंय, आणि त्याखालच्याच पानावर यामाहावाल्या बाईंनी त्यांना दिलेलं उत्तरही. दुरुस्तीचं शेवटचं प्रकरण मी लिहिलं आहे. त्यातला पावसाळ्याचा तक्ता कात्रीने कापून कपाटाला आतून चिकटवावा.

लेखकांना एकच अट घातली होती: ब्रँडचं नाव लेखाच्या शेवटच्या ओळीत यावं, आधी नाही. तिघांनी ती पाळली नाही, पहिल्याच ओळीत नाव घातलं. तिघांचेही लेख जसेच्या तसे छापले आहेत. त्यांतला एक माझा आहे.